पोटमा गोळा फिरस

पत्र

डॉक्टरसाहेब, मी शहाद्याला दिलेली, माहेर चोपडा तालुक्यातलं. यंदा आखाजीला माहेरी गेले होते. दुपारी पुरणपोळी आणि आमरस झाला, संध्याकाळपासून अप्पांना उलट्या सुरू झाल्या. पहाटे पोट ढोलासारखं फुगलं, हिरवं पाणी पडायला लागलं. दादाने गाडी काढून जळगावला नेलं, तिथे रात्रीच ऑपरेशन झालं. आतडं अडकलं होतं, आत गाठ निघाली, आतड्याचा तुकडा काढून जोडलं. बायोप्सीत ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १’ असं आलंय, ५ पैकी ३ लिम्फ नोडमध्ये, म्हणजे आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथींमध्ये, रोग आहे म्हणतात. केमो लागणार नाही, तपासणीला येत राहा, एवढंच सांगितलं.

अप्पा ५८ वर्षांचे. त्यांना दोन वर्षांपासून त्रास होता. जेवल्यावर तासा-दोन तासांनी ‘पोटमा गोळा फिरस’ म्हणायचे आणि आम्ही काही बोललो की ‘काही नही, गॅस शे’. दादाने मेडिकलवरून गॅसच्या गोळ्या आणल्या, गावात बेंबी सरकली म्हणून चोळूनही घेतलं. मी हट्ट केला तेव्हा सोनोग्राफी झाली, तोंडातून दुर्बीण झाली, खालूनही झाली. सगळं नॉर्मल. मग कुणीतरी पोटाचा टीबी असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या, दोन महिन्यांनी अप्पांनीच सोडल्या. वर्षभर त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं, आम्हाला वाटलं वय झालं.

आता दादा आणि मी बोलत नाही. मी म्हणते, त्याने गोळ्यांवर दिवस काढले. तो म्हणतो, सगळे रिपोर्ट तूच करवलेस ना, मग? खरंच उशीर कुणामुळे झाला? लवकर कळलं असतं तर फरक पडला असता का? नातेवाईक म्हणतात आजच मुंबईला टाटाला न्या. आणि धाकधूक अशी, की माझ्या सासूबाईंचं (वय ६१) हिमोग्लोबिन ६.८ आलंय, दोनदा रक्त चढवलं, दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. तेच तर नाही ना?

उत्तर

ताई, पत्रातल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मला अप्पांचं ते एक वाक्य मोलाचं वाटलं. पोटमा गोळा फिरस. धुळ्याच्या ओपीडीत मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता निवृत्तीनंतरही कुणी बसस्टँडवर म्हटलं तरी माझे कान टवकारतात. नुसत्या गॅसने पोट जड होतं, ढेकर येते, फुगल्यासारखं वाटतं. गोळा मात्र फिरत नाही. लहान आतड्यात कुठेतरी वाट अरुंद झाली की वरचं आतडं अन्न पुढे ढकलायला जोर लावतं. तो जोर पोटावर उठलेला दिसतो, हाताला लागतो, गुडगुड आवाज होतो आणि एकदम मोकळं वाटतं. जेवण जितकं चरबट आणि चोथ्याचं, तितका गोळा मोठा. म्हणून अप्पांनी रात्रीचं जेवण सोडलं. तुम्हाला ते वय वाटलं. त्यांच्या आतड्याने मात्र स्वतःपुरता उपाय शोधला होता.

मग हे डॉक्टरांना का दिसलं नाही? पेशंट सकाळी उपाशीपोटी येतो. पोट मऊ, सपाट, हाताला काही लागत नाही. गोळा रात्री नऊला घरच्या ओट्यावर फिरतो आणि तेव्हा डॉक्टर तिथे नसतो. आजकाल मी लोकांना एकच सांगतो, दुखत असताना पेशंटला आडवं करा, बाजूने दिवा धरा आणि मोबाइलवर पोटाचं दोन मिनिटं शूटिंग करा. तिरक्या उजेडात आतड्याची लाट कातडीखालून सरकताना स्पष्ट दिसते. तशाच वेळी तालुक्याच्या दवाखान्यात उभ्याने काढलेला पोटाचा साधा एक्स-रे हा दुसऱ्या दिवशी काढलेल्या महागड्या तपासणीपेक्षा जास्त बोलतो.

आता ‘सगळं नॉर्मल’चं बघू, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथेच अडकलंय. तोंडातून जाणारी दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोचते. खालून जाणारी दुर्बीण मोठं आतडं संपवून लहान आतड्याच्या शेवटाला जेमतेम डोकावते. या दोन टोकांच्या मध्ये साधारण २० फूट आतडं राहतं. सोनोग्राफीला आतड्यातली हवा आडवी येते. म्हणजे बांधाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मधल्या शेतात कुणी उतरलंच नाही, तरी सातबाऱ्यावर ‘पाहणी झाली’ असा शेरा पडला. तुम्ही हट्ट केलात ते बरोबर. दादा म्हणतो रिपोर्ट नॉर्मल होते, तेही खरं. त्या रिपोर्टांनी दिशा दाखवली नाही, उलट एक दार लावून घेतलं. त्यानंतर गोळा फिरला की सगळे म्हणणार, तपासण्या तर झाल्यात.

हे मी वरच्या माडीवरून बोलत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिंपी माझ्याकडे आला होता, तिशीतला, हीच तक्रार. आपल्याकडे आतडं अरुंद झालं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो यायलाही हवा, इथे टीबी आहेच. मी तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. महिनाभराने तो हसत आला, बरं वाटतंय म्हणाला. मी खूश. मधल्या काळात त्याच्या बायकोने भाकरी बंद करून त्याला मऊ खिचडी आणि पातळ वरण सुरू केलं होतं, ते मी विचारलंच नाही. आराम खिचडीने दिला, श्रेय गोळ्यांनी घेतलं. तीन महिन्यांनी तो आतडं फुटून आला. निघाला लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. तो वाचला नाही. तेव्हापासून टीबीच्या गोळ्यांवर कुणी ‘बरं आहे’ म्हणालं की मी आधी ताटात काय असतं ते विचारत आलो.

म्हणून उशीर कुणामुळे, याला माझं उत्तर एका माणसाच्या नावाचं नाही. लहान आतडं पचनमार्गाच्या लांबीचा जवळपास पाऊण हिस्सा, पण पचनमार्गातल्या कॅन्सरपैकी शंभरात चार-पाचच इथे होतात. दुर्मीळ, लपलेला आणि गॅससारखा बोलणारा रोग. अप्पांना झाली तसली न्यूरोएंडोक्राइन गाठ तर कमालीची सावकाश वाढते. जगभर या रुग्णांची दोन-चार वर्षं पित्त, गॅस, आमांश असल्या नावांखाली जातात. १९०७ साली ओबेरनडॉर्फर नावाच्या जर्मन डॉक्टराने या गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कॅन्सरसारखं दिसणारं पण तेवढं वाईट नसणारं, असं नाव दिलं. पुढे १९२९ मध्ये त्यालाच सांगावं लागलं, की या पसरूही शकतात. नाव देणाऱ्याला बावीस वर्षं लागली, तुमच्या दादाचे दोन वर्षांचे हिशेब कशाला मांडता?

आता दुसरा प्रश्न. फरक पडला असता का? याचं उत्तर मी गुळमुळीत देणार नाही.

कॅन्सर कोणत्या रस्त्याने सापडला याचा इंग्लंडमध्ये पद्धतशीर हिशेब ठेवतात. कुणी गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीने तज्ज्ञाकडे गेला, कुणी तपासणी मोहिमेत सापडला, कुणी थेट इमर्जन्सीत आला. २००६ पासूनच्या नोंदी काढल्या तेव्हा सगळ्या कॅन्सरमध्ये मिळून चारातला जवळजवळ एक इमर्जन्सीतून आलेला दिसला, आणि या वाटेने आलेले लोक सरासरीने कमी जगले. लहान आतड्याच्या बाबतीत इमर्जन्सीचा वाटा सर्वसाधारणापेक्षा जास्तच असतो, कारण त्यासाठी तपासणी मोहीमच नाही. आतडं अडकेल, फुटेल किंवा रक्त वाहेल तेव्हाच ते बोलतं.

पण त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. इमर्जन्सीत येणाऱ्यांचा रोगच बऱ्याचदा पुढे गेलेला असतो, वय जास्त असतं, अंगात रक्त कमी असतं. म्हणजे काही नुकसान रस्त्यावर पाऊल टाकण्याआधीच झालेलं असतं. दुसरी गोष्ट रस्त्याची स्वतःची. रात्री दोन वाजता माणूस टेबलावर येतो, दिवसभर उलट्या होऊन सुकलेला, पोटॅशियम उतरलेलं, आतडं मनगटाएवढं फुगलेलं. त्या वेळी सर्जनचं काम एकच, माणूस सकाळ बघेल असं करणं. अडकलेला भाग काढायचा, जोडायचा, पोट शिवायचं. जळगावच्या त्या डॉक्टरांनी ते केलं आणि अप्पा आज घरी आहेत. हीच गाठ जर आधी सापडली असती, तर ठरवून, रक्त भरून, सगळी चित्रं समोर लावून, नोडची साखळी मुळापर्यंत सोडवत ऑपरेशन झालं असतं. फरक पडतो तो इथे. आणि या फरकातला बराचसा भाग अजून भरून काढता येतो, म्हणून मी एवढं लिहितोय. ग्रेड १ ची, म्हणजे सगळ्यांत सावकाश वाढणारी, गाठ तेवढा वेळ देते. लिम्फोमा किंवा साध्या अर्थाने ज्याला आतड्याचा कॅन्सर म्हणतात तो असता, तर मी याच्या दुप्पट घाईने लिहिलं असतं.

अप्पांच्या रिपोर्टात ५ नोड आहेत. निदान ८ तरी तपासायला मिळावेत अशी अपेक्षा असते. पाच मिळाले म्हणजे चूक झाली असं समजू नका, रात्रीच्या ऑपरेशनची ती खूण आहे. मात्र आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी, काही नोड राहिले असण्याची शक्यता धरून चाललं पाहिजे. दुसरं म्हणजे या गाठी पुष्कळदा एकट्या नसतात. हरभऱ्याएवढ्या, कधी मुगाएवढ्या, आतड्यात आणखी चार-सहा असतात आणि त्या बोटांनी चाचपूनच कळतात. फुगलेल्या, सुजलेल्या आतड्यात त्या लागत नाहीत. हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट मागून घ्या. सगळं आतडं चाचपलं का, किती लांबीचा तुकडा काढला, मोठ्या आतड्याच्या तोंडापासून किती अंतरावर, यकृतावर काही दिसलं का, हे त्यात असतं. शेवटचा भाग बराच गेला असेल तर बी-१२ शरीरात शोषलं जात नाही, वर्षाकाठी ते तपासावं लागेल आणि कमी असेल तर इंजेक्शन.

नोटबरोबरच बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लेखी अर्ज देऊन घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, तीच खरी मिळकत. कागद हरवला तर पुन्हा छापता येतो, ब्लॉक हरवला तर गेला. एसटीत वरच्या फळीवर ठेवू नका, उन्हाने मेण मऊ पडतं. आपल्याकडचं एप्रिल-मे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

मुंबईला जावं का? जा, पण आजच्या आज नको. टाका भरू द्या, अंगात थोडं बळ येऊ द्या, कागद जमवा आणि एका खेपेत काम होईल असे जा. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, आठवडाभराने कुठे जाणार नाही. तिथे किंवा जिथे या रोगाचं ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक, बसतं अशा कुठल्याही ठिकाणी दोन प्रश्न विचारा. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन केव्हा करायचा? साध्या पेट स्कॅनमध्ये या सावकाश वाढणाऱ्या गाठी बऱ्याचदा चमकत नाहीत, डोटाटेटमध्ये चमकतात. आणि पडद्यात रोग राहिला असेल तर ठरवून दुसरं ऑपरेशन करण्यात अर्थ आहे का? केमो नाही म्हणाले ते बरोबर आहे, ग्रेड १ पूर्ण निघाली असेल तर वर औषध देत नाहीत. यकृतात काही दिसलं तरी हात टेकायचे नाहीत. महिन्याला एक इंजेक्शन असतं, ऑक्ट्रिओटाइडचं, त्याने गाठीची वाढ लांबते हे २००९ सालीच सिद्ध झालंय. तपासण्या मात्र दहा वर्षं तरी चालू ठेवायच्या. हा रोग विसराळू माणसाची वाट बघतो. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी त्याला भेटा, नंतर नाही.

एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे कधी अप्पांना भूल द्यायची वेळ आली, मोतीबिंदू असो की हर्निया, भूलतज्ज्ञाला आधी या गाठीचं नाव सांगायचं. गाठ शिल्लक असेल तर भुलेत रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, आधी माहीत असेल तर त्यावर औषध तयार ठेवता येतं.

सासूबाईंचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा रस्ता अजून मोकळा आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा भागात रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोक्यात येतो आणि ती तपासणी करूनच घ्यावी. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, कमी असेल तर प्रश्न लोहाचा आहे, आणि पाळी थांबलेल्या बाईचं लोह जातंय कुठे, हे शोधल्याशिवाय तिसऱ्यांदा रक्त चढवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढू नका. दोन्ही दुर्बिणी नॉर्मल असतील तर पुढची पायरी कॅप्सूलची. ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब अशी कॅमेऱ्याची गोळी गिळायची, ती आठेक तासांत आतून पन्नास हजारांच्या आसपास फोटो काढते. त्याआधी त्यांना विचारा, गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या खातात का, आणि किती वर्षं? त्या गोळ्यांनीही लहान आतड्यात जखमा होतात, रक्त झिरपतं आणि कधी आतडं आतून आवळलं जातं. आवळलेल्या जागी कॅप्सूल अडकली तर ती काढायला ऑपरेशन. त्यांनाही गोळा फिरत असेल, जेवून पोट दुखत असेल, तर कॅप्सूलच्या आधी सीटी एंटेरोग्राफी करा. त्यात तासाभरात दीडेक लिटर औषध घातलेलं पाणी पाजून आतडं फुगवतात आणि मग स्कॅन काढतात. अप्पांचं हेच व्हायला हवं होतं. घाबरू मात्र नका. या वयात लहान आतड्यातून रक्त जाण्याचं कारण बहुतेकदा गाठ नसते, रक्तवाहिन्यांची नाजूक जाळी असते.

राहिली एक तपासणी, अप्पांचीच. या गाठी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते लघवीतून ‘५-एचआयएए’ म्हणून बाहेर पडतं. २४ तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवायची असते. ते जास्त आलं तर हृदयाची इको करतात, कारण हेच रसायन वर्षानुवर्षं उजव्या बाजूच्या झडपा जाड करतं. अप्पांना चेहरा एकदम लाल होऊन तापल्यासारखं होतं का, विनाकारण जुलाब होतात का, तेही विचारून ठेवा. आता गंमत बघा, ज्या पदार्थांत सेरोटोनिन भरपूर असतं ते खाल्ले तर रोग नसतानाही आकडा वाढतो. त्या यादीत पहिलं नाव केळीचं आहे. पुढे वांगी, टोमॅटो, अननस, अक्रोड. म्हणजे चोपडा तालुक्यात बसून ही तपासणी करायची तर तीन दिवस केळी बंद, भरीत बंद. पॅरासिटामॉल आणि खोकल्याची काही औषधंही नकोत, कुठली ते लॅबला आधीच विचारा. लॅबवाला हे दर वेळी सांगतोच असं नाही, आणि नाही सांगितलं तर एक केळं घरातल्या सगळ्यांची महिनाभर झोप उडवतं.

कॅन तुम्ही लॅबमधून आणा. अप्पांना ते तीन दिवस बागेतल्या घडापासून आणि वहिनींच्या भरितापासून लांब ठेवायचं काम दादाला द्या. फोन तुम्हीच करा, आणि बोलायला काय सुचलं नाही तर केळ्यापासूनच सुरुवात करा.